थांबण्याची ऐपत

छंद ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. कोणी टपालतिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी गच्चीवर निवडुंग वाढवतो; त्यात समाजाने डोकावण्याचे कारण नाही, असे म्हटले जाते. सामान्यतः ते खरेही आहे. परंतु काही छंद असे असतात की, त्यांच्याकडे नीट पाहिले असता समाजाची सारी आर्थिक रचना त्यांत लहान आकारात प्रतिबिंबित झालेली दिसते. सिगार जमवणे, ते वर्षानुवर्षे जपून ठेवणे आणि सवडीने त्यांचा आस्वाद घेणे, हा असाच एक छंद आहे.

मुंबई-पुण्याच्या सधन वस्त्यांत हा छंद रुजला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी तो पोचण्याचे काही कारण नाही. अरुणावतीच्या काठच्या या गावात विडीचा कट्टा टपरीवर मिळतो, तंबाखू आणि चुना मिळतो; सिगार मागणाऱ्याकडे टपरीवाला नवलाने पाहील. तरीही या छंदाचा विचार आर्णीत बसूनच करावयास हवा. कारण माल जपून ठेवणे आणि योग्य वेळेची वाट पाहणे हा या छंदाचा गाभा आहे. आणि नेमका तोच आर्णीच्या कापूस उत्पादकाच्या आयुष्यातला सर्वांत बिकट प्रश्न आहे.

पेटीचे शास्त्र

ज्याच्यावर टीका करावयाची ते आधी समजून घ्यावे, एवढा प्रामाणिकपणा चळवळीतील माणसाने पाळला पाहिजे. सिगार म्हणजे कागदात भरलेला तंबाखूचा भुगा नव्हे. आत लांब पानांचे सारण, त्याभोवती बांधणीचे पान आणि सर्वांवर निवडक, अखंड पानाचे वेष्टन, असा तो संपूर्णपणे तंबाखूच्या पानांचाच असतो. क्यूबात ही पाने तोडल्यावर वाळवतात, रचून आंबवतात, गठ्ठे बांधून महिनोन् महिने मुरवतात आणि मगच कुशल कामगार ती हाताने वळतो. वळून झाल्यावरही पानांतील रासायनिक क्रिया मंदगतीने चालू राहतात. उग्र दर्प हळूहळू उडून जातो, चव सौम्य होते. म्हणून जाणकार मनुष्य चांगला सिगार विकत घेतल्याबरोबर ओढीत नाही. तो त्याला पाच-पाच, दहा-दहा वर्षे मुरू देतो.

हे मुरणे उघड्यावर होत नाही. त्यासाठी एक खास पेटी लागते. तिला ह्युमिडॉर म्हणतात. म्हणजे ओलावा राखणारी पेटी. तिच्या आतील बाजूस ज्या लाकडाचे अस्तर असते त्याला ‘स्पॅनिश सीडर’ असे नाव असले तरी देवदाराशी त्याचा काही संबंध नाही; तो वृक्ष कडुनिंबाच्या कुळातला आहे. पेटीतील आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्के आणि तापमान अठरा ते एकवीस अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते. आर्द्रता घटली तर वेष्टनाचे पान तडकते आणि सुगंधी तेले उडून जातात; वाढली तर बुरशी धरते. तापमान पंचवीस अंशांच्या वर गेले तर पानात दडलेली किड्यांची अंडी उबून एक बारीक तपकिरी भुंगा बाहेर पडतो आणि साठ्याची चाळण करून टाकतो. हळद, धणे, मिरची यांच्या साठ्यालाही हाच भुंगा लागतो. घरोघरच्या गृहिणींना तो चांगलाच परिचित आहे. पेटीत आर्द्रतामापक असतो आणि छंदिष्ट मनुष्य दिवसातून एकदा तरी त्यावर नजर टाकतो.

जिने कणगीतल्या ज्वारीत कडुनिंबाचा पाला घातला, तिला हे शास्त्र परके वाटू नये. माल राखण्याची विद्या ही शेतकऱ्याची विद्या आहे. फरक विद्येत नाही. ती वापरण्यासाठी लागणाऱ्या साधनांत आहे. वऱ्हाडाच्या या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते. अशा हवेत सिगारची पेटी राखावयाची तर शीतकपाट हवे, त्याला अखंड वीज हवी आणि वीज गेली तर जनित्र हवे. म्हणजे ज्या तालुक्यात कृषिपंपाला वीज मिळावी म्हणून शेतकरी रात्रीच्या पाळीत वावरात जाऊन बसतो, तेथे दहा-वीस सिगारांच्या सुखासाठी चोवीस तास वीज लागेल.

आस्वादाला विरोध नाही

हे वाचून एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणेल की, ही धनिकांची थेरे आहेत, त्यांचा निषेध करून मोकळे व्हावे. पण इतके सोपे उत्तर समाजवाद्याने देऊ नये. समाजवाद म्हणजे सर्वांना सारखेच बेचव जिणे, असा आरोप विरोधक नेहमी करतात. त्याला दुजोरा देण्याचे काम चळवळीने करू नये. श्रमिकांनी आठ तासांचा दिवस मागितला तो केवळ झोपेसाठी नव्हे. उरलेल्या वेळात माणसाने वाचावे, गावे, एखादी गोष्ट आवडीने जोपासावी, हाही त्या मागणीचा अर्थ होता. जतन करणे, निगा राखणे, घाई न करणे हे गुण मुळातच चांगले आहेत. त्यांचा ठेका श्रीमंतांना देऊन टाकण्याचे कारण नाही.

शिवाय खुद्द सिगारचा इतिहास कामगार चळवळीला परका नाही. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ साली एक प्रथा सुरू झाली. कामगार पाने वळीत बसलेले असताना त्यांच्यापैकी एकजण उंच आसनावर बसून वर्तमानपत्रे, कादंबऱ्या आणि राजकीय लेखन मोठ्याने वाचून दाखवी. त्याचे वेतन मालक देत नसे. कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली, यावरून त्याचा परिणाम काय होत होता ते कळते. बंदी टिकली नाही. फ्लॉरिडातील टॅम्पा येथे गेलेल्या क्यूबन सिगार कामगारांनी ही प्रथा तेथे नेली आणि याच कामगारांनी क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्यासाठी होसे मार्ती यांच्या हाती आपल्या मजुरीतले पैसे ठेवले. टॅम्पाच्या कारखानदारांनी १९३१ साली वाचकाची गच्छंती केली. क्यूबात मात्र वाचक आजही बसतो. अमेरिकन कामगार संघटनेचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले सॅम्युएल गाँपर्स हे मूळचे सिगार वळणारे कामगारच. ‘माँटेक्रिस्टो’ हे जगप्रसिद्ध सिगारचे नाव अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबरीवरून पडले. कारखान्यातील वाचनात ती कामगारांची लाडकी होती. सिगार ज्याने वळला त्याने तो वळता वळता साहित्य ऐकले, ही गोष्ट पेटीवरील सोनेरी कागदाहून अधिक मोलाची आहे.

एका कायद्यातील दोन शब्द

तंबाखू या देशात आणली पोर्तुगीजांनी. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा मोगल दरबारचा अधिकारी विजापूरला आला, तेथे त्याला तंबाखू आढळली आणि ती त्याने अकबराला नजर केली. म्हणजे दख्खनने ही वस्तू दिल्लीच्या आधी पाहिली होती. तमिळ ‘सुरुट्टु’ या शब्दापासून इंग्रजांनी आपला शब्द घडवला आणि तोच मराठीत चिरूट होऊन बसला. त्रिचनापल्ली आणि दिंडिगुल येथील चिरूट इंग्रज साहेबाच्या तोंडात राहिले. सामान्य माणसाच्या वाट्याला तेंदूच्या पानातली विडी आली.

पण कायद्याने या दोघांना एकत्र आणले. संसदेने १९६६ साली जो कायदा केला त्याचे नावच ‘विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम’ असे होते. ओढणाऱ्यांच्या दुनियेत ज्या दोन वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे, त्या वळणाऱ्यांच्या दुनियेत एकाच ओळीत बसल्या. हा कायदा आता २०२० साली मंजूर झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या पोटात गेला आहे. विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, घरांसाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी १९७६ साली बसवलेला उपकरही २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला. सरकारी नोंदीप्रमाणे देशात पन्नास लाखांच्या आसपास विडी कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. सिन्नर, सोलापूर, अहमदनगर, गोंदिया, भंडारा ही महाराष्ट्रातील त्यांची जुनी ठाणी.

आता ओलाव्याच्या शास्त्राकडे पुन्हा वळावे. विडीचे पान जंगलात जन्मते. विदर्भाच्या जंगलांत मे महिन्याच्या भर उन्हात आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबे पहाटेपासून तेंदूची पाने तोडतात. सत्तर पानांचा पुडा बांधतात आणि एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. पाने उन्हात वाळवतात आणि गोणीत भरण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडतात. नाहीतर ती तडकतात. पुढे सोलापूरची विडी कामगार स्त्री तीच पाने रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, म्हणजे सकाळी ती कात्रीखाली लवचिक राहतात. पान किती ओले हवे हे तिच्या बोटांना कळते. तिच्याजवळ आर्द्रतामापक नाही, देवदारी पेटी नाही. तिचे ज्ञान छंदिष्टाच्या ज्ञानाहून तिळभर कमी नाही. परंतु त्याचे ज्ञान रसिकता ठरते आणि तिचे ज्ञान अकुशल श्रमात जमा होते. संध्याकाळी ठेकेदार तिच्या हजार विड्यांतून छाट काढतो. छाटीत गेलेल्या विडीची मजुरी तिला मिळत नाही. हवानाहून येणारा एक सिगार आज मुंबईत हजारांच्या घरात जातो. त्या किमतीत हजार विड्यांच्या किती दिवसांच्या मजुऱ्या बसतात, हा हिशेब कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या दराप्रमाणे स्वतः मांडावा. १९६३ साली राममनोहर लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा आकडेशास्त्रज्ञांनी त्यावर वाद घातला. पण हिशेब मांडण्याची ती पद्धत आजही उपयोगी पडते.

निपाणीच्या वखारी

साठवण आणि सत्ता यांचा संबंध पाहावयाचा असेल तर निपाणीला जावे. सीमाभागातील या मराठी भाषक गावाभोवती विडीची तंबाखू पिकते. शेतकऱ्याने पीक काढावे आणि व्यापाऱ्याने ते वखारीत भरावे, अशी तेथील रीत. वखार व्यापाऱ्याची, वजन व्यापाऱ्याचे, भाव व्यापाऱ्याचा आणि पैसे चुकते करण्याची तारीखही व्यापाऱ्याचीच. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला. १९७९ च्या अंदाजपत्रकात कच्च्या तंबाखूवरचा हा कर उठला. वखारीची मालकी मात्र होती तेथेच राहिली.

१९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगलोर महामार्गावर बसले. मागणी होती रास्त भावाची. ६ एप्रिल रोजी आंदोलन मोडून काढण्यात आले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच काळात वखारींच्या आतल्या बाजूला तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या स्त्रिया सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित होत होत्या. तंबाखूच्या खकाण्याने त्यांना श्वास घेणे मुश्किल होई. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर मराठीत लघुपट केला. बाहेर रस्त्यावर पिकवणारा, आत धुळीत राबणारी आणि मधल्या भिंतीचा मालक तिसराच, असे हे चित्र होते. त्या वखारीच्या भिंती ज्याच्या, त्याच्या हातात काळ होता. तो थांबू शकत होता. इतर दोघांना थांबता येत नव्हते.

थांबण्याचे मोल

अर्थशास्त्रात थांबण्याच्या या क्रियेवर बरीच शाई खर्च झाली आहे. एकोणिसाव्या शतकात नसाऊ सीनियर या अर्थशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, भांडवलदार तात्काळ उपभोगापासून स्वतःला आवरतो, आणि नफा हा या संयमाचा मोबदला होय. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये या सिद्धान्ताची यथेच्छ खिल्ली उडवली. जो पंचपक्वान्ने जेवून उरलेले गुंतवतो त्याला संयमी म्हणणे, हा भाषेवरील अत्याचारच होता. पुढे मार्शलने संयम हा शब्द टाळून ‘थांबणे’ हा शब्द अधिक पसंत केला. व्याज हे थांबण्याचे मोल ठरले. शब्द सौम्य झाला, पण एक प्रश्न तसाच राहिला: थांबणे शक्य कोणाला असते?

सिगारच्या छंदात या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ दिसते. ज्याचे आजचे जेवण, उद्याचे भाडे आणि परवाची मुलांची फी निश्चित आहे, तोच आज विकत घेतलेली वस्तू दहा वर्षे पेटीत ठेवू शकतो. काळ त्याच्या बाजूने काम करतो. वस्तू मुरते, दुर्मिळ होते, तिचे मोल वाढते. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबावरील व्यापारबंदीच्या हुकुमावर सही केली. सहीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धिसचिव पिएर सॅलिंजर यांना बाजारात धाडले आणि आवडीचे सिगार मिळतील तेवढे आणविले. सॅलिंजर यांनी बाराशे सिगार आणले. नंतर सही झाली. ही हकीकत सॅलिंजर यांनीच पुढे सांगितली. आधी स्वतःचा साठा आणि मग इतरांसाठी बंदी! त्या बंदीपूर्वीचे हवाना सिगार पुढे लिलावांत चढ्या भावाने विकले गेले. साठवणीची ऐपत आणि निर्णयाची सत्ता एका हातात आली म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

आर्णीतला कापूस

आता पेटी मिटून आर्णीत परत यावे. दिवाळीच्या आगेमागे कापसाची पहिली वेचणी होते. त्या वेळी बाजारात सर्वत्र कापूस येतो आणि भाव खाली बसतो. उन्हाळ्यापर्यंत थांबावे तर भाव वाढेल, अशी आशा असते. पण कृषी केंद्राची उधारी थकलेली असते, वेचणीची मजुरी रोखीने द्यावयाची असते, पीककर्जाची मुदत जवळ येत असते. जो थांबू शकत नाही तो खेडा खरेदीच्या गाडीला माल देतो. जो थांबण्याचे धाडस करतो, त्याच्याजवळ वखार नसते. तो राहत्या घरातल्या एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरतो. उरलेल्या खोलीत कुटुंब राहते. काही आठवड्यांनी घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटते, लेकरांच्या हातापायांवर पुरळ उठतो. चुलीची ठिणगी उडू नये म्हणून घरधनीण जीव मुठीत धरून स्वयंपाक करते. कापूस सुकतो तसे त्याचे वजन घटते. सिगार थांबला की त्याचे मोल वाढते. कापूस थांबला की पहिल्यांदा त्याचे वजन जाते.

ओलाव्याचेही तसेच. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर गाडी उभी राहिली की पहिल्यांदा ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव. त्यावर बारा टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात. बारा टक्क्यांच्या पुढे गाडी परत. धुक्यात वेचलेला, परतीच्या पावसात भिजलेला कापूस घेऊन आलेला शेतकरी त्या यंत्राच्या आकड्याकडे पाहत उभा असतो. सिगारच्या पेटीतील यंत्र मालकाच्या सुखासाठी असते. केंद्रावरील यंत्र ज्याचा माल आहे त्याच्यावर निर्णय देण्यासाठी असते. एका यंत्राचा काटा हलला तर छंदिष्ट मनुष्य पेटीत थोडे पाणी वाढवतो. दुसऱ्याचा आकडा वाढला तर एका कुटुंबाचा वर्षाचा हिशेब कोलमडतो.

थांबणे हा काही जादूचा मंत्र नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांची पातळी ओलांडली. तो भाव पुन्हा येईल या आशेने पुढील हंगामात विदर्भात असंख्य शेतकऱ्यांनी कापूस घरात ठेवला. भाव चढला नाही, उतरला. खाज सोसून शेवटी तोटाच पदरी पडला. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. पण १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरील आयातशुल्क माफ करण्यात आले आणि ही माफी वर्षअखेरपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे देशी कापूस बाजारात येण्याच्या ऐन मोसमात गिरण्यांना परदेशी माल मोकळा झाला. एकट्याने थांबणारा शेतकरी नुसता भावाशी झुंजत नाही. दिल्लीच्या एका अधिसूचनेशी झुंजतो. ज्या आर्णी तालुक्यातील दाभडी गावी २० मार्च २०१४ रोजी शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरची ‘चाय पे चर्चा’ साऱ्या देशाने पाहिली, त्या तालुक्याला हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून एकट्याच्या धाडसाला सामूहिक व्यवस्थेचा आधार हवा. महाराष्ट्राने १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली, तेव्हा तिच्यामागे हाच विचार होता. शेतकऱ्याने माल दिल्याबरोबर हमीभाव घ्यावा, माल शासनाने राखावा, विकावा आणि नफा झाल्यास त्याचा वाटा शेतकऱ्याला द्यावा. थांबण्याचे ओझे समाजाने उचलावे, असा त्याचा अर्थ. ही योजना पुढे का ढासळली, याचीही कठोर तपासणी चळवळीने केली पाहिजे. चुकारे लांबले, प्रतवारीत गोलमाल झाले, भाव चढले तेव्हा माल शेजारच्या राज्यांत गेला आणि भाव पडले तेव्हा सारा माल योजनेच्या दारात आला. मक्तेदारी व्यापाऱ्याची असो की शासनाची, तिच्यावर उत्पादकाचे नियंत्रण नसेल तर ती सडते. परंतु वखार सडली म्हणून धान्य उघड्यावर टाकावे, हा निष्कर्ष शहाणपणाचा नाही.

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, त्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यावी आणि भाव पाहून विकावे, अशी तिची रूपरेषा. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणाऱ्याला ती उपयोगी आहे. पण गोदामे किती, त्यांत जागा कोणाच्या मालाने अडलेली असते आणि अल्पभूधारकाची चार पोती तेथपर्यंत पोचतात काय, हे प्रश्न प्रत्येक तालुक्यात जाऊन विचारले पाहिजेत. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी वनहक्क कायद्यानंतर तेंदूपानांचा व्यवहार ठेकेदाराकडून काढून स्वतःच्या हाती घेतला. त्यांत चुका झाल्या, पैसे अडकले. तरी पान कोणाला, कधी आणि किती भावाने द्यावयाचे हे ठरवण्याची संधी पान तोडणाऱ्याला प्रथमच मिळाली. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, तीही दीर्घ संघटित लढ्यामुळेच.

एक आक्षेप येथे राहतो. तंबाखू मुळात घातक आहे. मग तिच्या आस्वादाची आणि तिच्या कामगारांची एवढी चर्चा कशाला? आक्षेप खरा आहे. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो. विडी तर गरिबाचे फुप्फुस पोखरते. तंबाखूचे सेवन घटले पाहिजे, यात दुमत नाही. फिडेल कॅस्ट्रो यांनीदेखील १९८५ साली सिगार सोडला. परंतु तंबाखू कमी करण्याची किंमत विडी वळणाऱ्या स्त्रीने आणि पान तोडणाऱ्या आदिवासीने एकट्याने मोजावी, हे न्याय्य नाही. पर्यायी रोजगार हातात पडेपर्यंत तिलाही थांबता आले पाहिजे; म्हणजे तोवर तिची मजुरी, तिचा दवाखाना आणि तिच्या मुलांची शिष्यवृत्ती चालू राहिली पाहिजे. उपकर रद्द करताना ही काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य होते, आणि त्या निधीची जागा अंदाजपत्रकातून भरून निघते की नाही यावर पहारा ठेवणे हे संघटनांचे कर्तव्य आहे.

तेव्हा सिगारची पेटी बाळगणाऱ्या माणसाचा हेवा करू नये आणि त्याची टिंगलही करू नये. त्याच्याजवळून एक धडा घ्यावा. चांगल्या मालाला चांगली जागा, योग्य ओलावा आणि पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, हे त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न एवढाच की, ही वागणूक वीस सिगारांच्या वाट्याला यावी आणि वर्षभर राबून पिकवलेल्या वीस क्विंटल कापसाला येऊ नये, हे कोणत्या न्यायाने? येत्या हंगामापूर्वी तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या बाजार समितीच्या गोदामांची मोजदाद करावी, तारण योजनेचा लाभ कोणाला मिळाला त्याची यादी मागावी, खरेदी केंद्रावरील ओलावा मोजणारे यंत्र शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत तपासले जाते की नाही ते पाहावे. ही कामे लहान आहेत, त्यांत भाषणाला वाव नाही. पण आर्णीतल्या एखाद्या घरातील कापसाची खोली रिकामी होऊन तेथे लेकरांना ऐसपैस झोपता आले, तर ते या लहान कामांमुळेच येईल.